जेवढे लागतील तेवढे

३ फेब्रुवारी

पोचलो एकदाचा. चौदा तासांच्या विमानप्रवासात मला मधली खुर्ची मिळाली आणि दोन्ही बाजूंचे गृहस्थ माझ्या दोन्ही खांद्यांवर डोकं टेकून झोपले. धर्मसेवेची सुरुवात तिथूनच झाली असं मी धरून चालतो. इथल्या विमानतळावर आईने कोंबलेले सगळे डबे काढून घेतले. तपासणाऱ्या माणसाने एकेक झाकण उघडलं, वास घेतला आणि कचऱ्यात टाकलं. आईला हे कधीही कळता कामा नये.

मंडळाचं घर तीन मजली, पिवळ्या विटांचं, एका शांत रस्त्याच्या टोकाला आहे. खाली कचेरी, जेवणघर आणि आजाऱ्यांच्या खोल्या. मधला मजला मुलींचा, वरचा आम्हा मुलांचा. माझ्या खोलीत दोन लोखंडी खाटा, दोन कपाटं, एक टेबल, आणि खिडकीसमोर पेट्रोल पंप. लोकांना परदेशात खिडकीतून डोंगर दिसतात, समुद्र दिसतो. असो, गाद्या मऊ आहेत.

घर चालवणाऱ्या बाईंना सगळे मावशी म्हणतात. चाळिशीच्या असतील, हसऱ्या, बोलता बोलता समोरच्याच्या शर्टाची कॉलर नीट करणाऱ्या. त्यांनी माझा पासपोर्ट आणि मोबाइल घेऊन कचेरीच्या कपाटात ठेवला. दोन वर्षं मन एका जागी राहावं म्हणून हा नियम आहे, आणि तो मला घरीच सांगितला होता. मी हसत हसत दिलं सगळं. एकविसाव्या वर्षी दोन वर्षं म्हणजे काय मोठंसं.

निघताना ठकी रडली नाही. ठकी म्हणजे माझी धाकटी बहीण, नुकतीच अठरा पूर्ण झालेली, तोंडाने फटकळ. म्हणाली, तू गेलास की तुझी खोली माझी, आणि पुढेमागे तुझं मंडळही माझं. मग माझ्या बॅगेचा पट्टा काही केल्या सोडेना. मला तिची आत्तापासून आठवण येते आहे. हे तिला अर्थातच कळवणार नाही.

६ फेब्रुवारी

इथे कुणी एकटं नसतं. प्रत्येक सेवकाला जोडीदार असतो आणि दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही. बाजारात जा, दवाखान्यात जा, जोडीने. मी आंघोळीला गेलो तरी माझा जोडीदार दाराबाहेर स्टुलावर बसून असतो. त्याला सगळे लंबू म्हणतात. सहा फूट दोन इंच, गुळगुळीत चेहरा, आपल्याकडचाच, पण बोलण्यात कंजूष. सेवा दोन वर्षांची असताना हा तीन वर्षं झाली तरी इथेच आहे. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, सवय झाली.

आणखी एक गंमत. घरी पाठवायची सगळी पत्रं पहिल्या पंधरवड्यातच लिहून ठेवायची असतात. आठवड्याला एक, म्हणजे दोन वर्षांची एकशे चार. तारीख घालायची नाही. दर शुक्रवारी लंबू त्यातलं एक काढतो, तारीख घालतो आणि टपालात टाकतो. घरच्या पत्रात काही खास विचारलं असेल तर खाली आपल्या अक्षरात दोन ओळी तोच जोडतो. मावशींचं म्हणणं, पुढे कामात मान वर करायला फुरसत मिळत नाही, पत्र चुकलं की आया काळजीने अर्ध्या होतात, त्यापेक्षा साठा तयार असलेला बरा. मी विचारलं, पुढच्या वर्षी मी कसा असेन हे आज कसं लिहू? त्या म्हणाल्या, बरा आहेस म्हणून लिही, आईला तेवढंच वाचायचं असतं.

मला पटलं. मावशींना आयांची नस बरोबर सापडली आहे.

१२ फेब्रुवारी

आजपासून खरी सेवा. आम्हाला कर्नल मिळाले. निवृत्त फौजी, वय चौऱ्याऐंशी, दोन वर्षं अंथरुणाला खिळलेले, सूनबाई मोटारीतून येऊन दाराशीच उभ्या राहतात. त्यांचं अंग पुसायचं, भरवायचं, कूस बदलायची, आणि शेवटी हात हातात घेऊन प्रार्थना म्हणायची. प्रार्थना छापील आहे, चार ओळींची. शेवटची ओळ अशी की माझ्या आयुष्यातला एक दिवस यांना मिळो.

लंबू ती नुसती ओठ हलवून म्हणतो. मला राग आला. तीन वर्षं सेवेत राहून ही तऱ्हा. आणि मला ती ओळही खटकली. समोर माणूस मरायला टेकलाय आणि आपण देवाला सांगायचं की एक दिवस द्या, त्याहून जास्त नको. द्यायचं तर हात आखडता कशाला? मी छापील ओळ सोडून दिली आणि मोठ्याने म्हणालो, माझे जेवढे लागतील तेवढे दिवस यांना मिळोत. मनापासून म्हणालो. डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

लंबूने झटकन माझ्याकडे पाहिलं. बाहेर आल्यावर म्हणाला, लिहिलंय तेवढंच म्हणायचं असतं. मी म्हटलं, तू तर तेवढंही म्हणत नाहीस.

२० फेब्रुवारी

एकशे चार झाली. मधल्या बोटाला घट्टा पडला आहे. मी या कामात भलताच तरबेज निघालो. एकतिसाव्या पत्रात मला सर्दी होते, बत्तिसाव्यात ती बरी होते. पन्नासाव्यात मी इथल्या भाषेत पहिला विनोद करतो आणि कुणी हसत नाही. आईला शंका येणार नाही अशी बेताची संकटं घातली आहेत.

ठकीसाठी तर हात सैल सोडला. दुसऱ्याच पत्रात तिला माझ्या प्रार्थनेची हकिगत लिहिली, एक दिवस देणं हा कंजूषपणा आहे, तू आलीस तर माझ्यासारखी म्हण, वगैरे. दहाव्या पत्रापासून पुढे तिला बोलवायचा धडाका लावला आहे. ती इथे असती तर किती मजा आली असती. मावशींनी पत्रं वाचली, माझी कॉलर नीट केली आणि म्हणाल्या, असा सेवक फार दिवसांत आला नव्हता. मी दिवसभर हवेत होतो.

५ मार्च

कर्नल उठून बसले. स्वतःच्या हाताने चमचा धरला. सूनबाई प्रथमच खोलीत आल्या आणि खुर्चीवर मटकन बसल्या. मावशींनी सगळ्यांसमोर माझं नाव घेतलं. लंबू भिंतीकडे बघत उभा होता. जळत असेल.

प्रार्थना खरी ठरते हे आजवर ऐकत आलो होतो. आज डोळ्यांनी पाहिलं.

२३ मार्च

थकवा आहे. जिना चढताना मध्ये थांबावं लागतं. कानशिलाजवळ आठदहा पांढरे केस दिसले. वडिलांचे तिशीत पिकले होते, आमच्या घराण्यातच आहे ते. आज पाव खाताना दाढ हलली. दुखली नाही, नुसती हलली.

कर्नल काठी घेऊन खोलीभर फिरतात. माझ्या गालाला चिमटा काढून म्हणाले, खात जा रे काहीतरी.

११ एप्रिल

मंगळवारचा डॉक्टर आला होता. कर्नलना तपासून झाल्यावर मी म्हटलं, मलाही बघा, गुडघे दुखतात, जवळचं वाचता येत नाही. त्याने बघितलं. मग कागदावर वयाच्या रकान्यात मला न विचारताच आकडा लिहिला आणि म्हणाला, या वयात एवढं चालायचंच. तो गेल्यावर मी कागद लांब धरून वाचला. साठ.

मी हसलो. मग न्हाणीघरात जाऊन आरशासमोर बराच वेळ उभा राहिलो. आरशात आमचे आजोबा होते.

लंबूला धरलं. सांगितल्याशिवाय सोडणार नाही म्हटलं. त्याने सांगितलं, आणि जेवणघरातल्या पंख्याबद्दल बोलावं तशा आवाजात सांगितलं. प्रार्थना लागू पडते. जो मनापासून म्हणतो त्याचीच लागू पडते. एक दिवस म्हटलं की एकच दिवस जातो. म्हणून छापील ओळ तशी आहे, नवे सेवक पुरवून पुरवून वापरता यावेत म्हणून. मी हद्दच ठेवली नाही. मी म्हटलं, मग आजपासून म्हणणार नाही. तो म्हणाला, "तू एकदा म्हणालास ना? आता कुणी तुला विचारणार नाही."

मी त्याला मारायला हात उचलला आणि तो खांद्याच्या वर जाईना.

२ मे

आईचं पत्र. वळणदार अक्षरात चार पानं. तुझी पत्रं वाचून घर आनंदात आहे. ठकीने तुझी सगळी पत्रं पाठ केली आहेत. तिने मंडळाचा अर्ज भरला आहे. वडील आधी नको म्हणत होते, पण तुझ्या दहाव्या पत्राने त्यांचं मन वळलं.

माझ्या दहाव्या पत्राने.

मावशींकडे गेलो. रडलो. माझं काय व्हायचं ते होवो, पण माझी पत्रं मला परत द्या म्हटलं. त्या म्हणाल्या, इतकी सुंदर पत्रं फाडायची? त्यांनी कपाट उघडून मला गठ्ठा दाखवला सुद्धा. शेजारी आणखी कितीतरी गठ्ठे होते, वेगवेगळ्या अक्षरांचे. मग कपाटाला कुलूप लावून किल्ली कमरेला खोचली आणि माझी कॉलर सरळ केली.

१९ मे

नवं पत्र लिहिलं. ठकीला पाठवू नका, इथे माणसं संपवतात, माझ्या कुठल्याही पत्रावर विश्वास ठेवू नका. स्वयंपाकीणबाईंच्या हाती दिलं. त्या भाजी आणायला एकट्या जातात, जोडीचा नियम त्यांना नाही. त्यांनी ते पदराआड घेतलं आणि डोळ्यांनी हो म्हणाल्या. जिवात जीव आला.

७ जून

आईचं उत्तर. शुक्रवारचं पत्र मिळालं, विनोदावर आम्ही सगळे खूप हसलो, कुणी हसलं नाही म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस.

पंधराव्याच्या जागी लंबूने पन्नासावं पाठवलं असणार. वात्रटपणा. की माझं खरं पत्र पोचलंच नाही हे मला कळावं म्हणून?

स्वयंपाकीणबाई माझ्याकडे बघत नाहीत. भात वाढतात आणि मान खाली घालून जातात.

१ जुलै

आज लंबू पत्रं टाकायला गेला तेव्हा मागच्या दाराने निघालो. मला आता जोडीदाराचा नियम नाही, पळून कुठे जाणार म्हणतात. खिशात पासपोर्टची झेरॉक्स होती. आपल्या देशाच्या वकिलातीपर्यंत पोचायला अडीच तास लागले, चार ठिकाणी बसावं लागलं. एका बाईने रस्ता ओलांडून दिला.

खिडकीत आपल्याकडचाच तरुण होता. मी सगळं सांगितलं. त्याने झेरॉक्सवरचा फोटो पाहिला, मला पाहिलं, जन्मतारीख पाहिली. ओरडला नाही. बाहेर आला, मला खुर्ची दिली, पाणी दिलं, विचारलं, हा तुमचा नातू का? मी म्हटलं, हा मीच आहे. तो म्हणाला, बरं बरं. माझ्या खांद्यावर हात ठेवून त्याने झेरॉक्सवरच्या मंडळाच्या शिक्क्यातल्या नंबरवर फोन केला.

मोटार कर्नलनी चालवत आणली. मावशी शेजारी. कर्नल ताडकन उतरले, दार उघडून धरलं आणि मला म्हणाले, "सावकाश, आजोबा." त्यांच्या दंडात आता ताकद आहे. वाटेत ते शीळ घालत होते. माझं आयुष्य शीळ घालत होतं आणि मी मागच्या सीटवर पट्टा बांधून बसलो होतो.

२६ जुलै

दात चार उरले. खालच्या मजल्यावर खाट दिली आहे. एकट्याची खोली. इथे एकटं राहता येतं हे आत्ता कळलं.

ठकीचा अर्ज मंजूर झाला. मावशींनी येऊन सांगितलं. पेढे वाटावेत तसं सांगितलं.

९ ऑगस्ट

सकाळी उठलो तर उजवा पाय आणि जीभ— मेली. बोलायला जातो, गुरगुर होते. हात चालतो. अक्षर वाकडं येतं. वही गादीखाली ठेवतो. त्यांना माहीत आहे. काढून घेत नाहीत.

का घेत नाहीत?

३० ऑगस्ट

देवा, तिचं विमान चुकव. तिला ताप येऊ दे. पाय मोडू दे तिचा, बरा होण्यासारखा. वडिलांना नाही म्हणू दे—

मी प्रार्थना करतो. मनापासून करतो. माझ्याकडे द्यायला काही उरलं नाही म्हणून लागू पडत नसेल.

१४ सप्टेंबर

आवाज. जिन्यावर. धावत चढणारा— एकेक पायरी सोडून. ती लहानपणापासून तशीच चढते.

आली.

१७ सप्टेंबर

मधल्या मजल्यावर पत्रं लिहिते आहे. मावशी सांगतात. भराभर लिहिते म्हणे. मला डोंगरातल्या केंद्रावर पाठवलंय असं तिला सांगितलंय. तिथून माझी पत्रं येतात तिला. शुक्रवारी.

मावशी खाटेवर बसल्या. कॉलर नीट केली. नव्या मुलींची परीक्षा असते म्हणाल्या. प्रार्थनेत जोर किती ते बघायचं. कर्नलसारख्यांवर ती जोखीम नको. संपलेल्या सेवकावर घेतात. तिला उद्यापासून माझ्याकडे—

मी गुरगुरलो. त्या थांबल्या. मग हळू म्हणाल्या, "ओरडतोस काय? तीन वर्षांपूर्वी या खाटेवर लंबू होता. त्याचा धाकटा भाऊ आला होता."

लंबू. गुळगुळीत चेहरा. सवय झाली.

म्हणाल्या, वही तुझ्याकडे आहे, हात चालतो. तिला लिहून दाखव हवं तर. कुणी अडवणार नाही. त्यालाही अडवलं नव्हतं.

१८ सप्टेंबर

ओळखलं नाही.

केस कापलेत. बारीक झाली आहे. माझी नखं कापली. विचारलं, आजोबा, तुम्ही कुठले? माझा दादा पण इथेच असतो. पुढच्या महिन्यात भेटणार. त्याला सांगू नका, मला त्याची फार आठवण येते.

मी तिच्याकडे बघत राहिलो. मला वाटलं माझे डोळे तरी तिला ओळखू येतील. मोतीबिंदू.

तिने छापील प्रार्थना म्हटली. एक दिवस. तिची जोडीदार मुलगी दारात उभी होती म्हणून छापील म्हटली असेल.

एकच दिवस. पण जिभेचं टोक हललं. संध्याकाळपर्यंत उजव्या पायाचा अंगठा—

वाईट वाटायला हवं होतं. मी अंगठा हलवत बसलो. पुन्हा पुन्हा.

१९ सप्टेंबर

पान लिहून तयार ठेवलं आहे. मोठ्या अक्षरात. ठके मी दादा आहे. प्रार्थना म्हणू नकोस. पळ.

ती आली. पान पांघरुणाखाली होतं. तिने हात धरला. तिचा हात गरम.

दाखवलं नाही. उद्या दाखवतो. एका दिवसाने तिचं काय जातंय.

२० सप्टेंबर

आजही नाही. चमचा धरता आला. बरोबर चव लागली भाताची. भाताला चव असते— विसरलो होतो.

मी एकवीस वर्षांचा आहे. मी काहीच केलेलं नाही अजून. कुणाला कळतं का हे.

उद्या नक्की. आईशप्पथ.

२१ सप्टेंबर

ती बसली आहे शेजारी. जोडीदारीण पाणी आणायला गेली. ठकी वाकून कानात म्हणाली, "आजोबा, हे छापील आहे ना, ते कंजूषपणाचं आहे. दादाने मला खरी ओळ लिहून कळवली आहे. ती म्हणू?"

पान हातात आहे. फक्त उचलायचं. एवढंसं वर—

ती बघते आहे मी काय लिहितो. हसते आहे. अक्षर लागत नाही म्हणते. दाखवा म्हणते आजोबा.

ठके

डोळे मिटले तिने. सुरू केलं. पहिली ओळ. दुसरी. अजून वेळ आहे. तिसरी. पान उलटं घातलं मी. छातीखाली. हात माझाच होता. ठके, आजचा दिवस. फक्त आजचा, मग मी उठेन, मी स्वतः तुला घेऊन

चौथी. म्हणते आहे. माझे जेवढे